तुम्ही किती समाधानी आहात?

'तुम्ही या योजनेबाबत किती समाधानी आहात?' हा प्रश्न मी एका हिवाळ्यात शंभराहून जास्त घरांत विचारला आहे. उत्तराला पाच पर्याय होते. खूप समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, खूप असमाधानी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लॅमिनेट केलेलं एक कार्ड होतं. त्यावर पाच गोल चेहरे, एका टोकाला खदखदून हसणारा आणि दुसऱ्या टोकाला रडवेला. समोरच्यानं चेहऱ्यावर बोट ठेवायचं, मी टॅबवर बोट ठेवायचं, की पुढचा प्रश्न. रेशन, अंगणवाडीतला आहार, दवाखाना, घरकुल, पेन्शन, रोजगार हमी. प्रत्येकाला एक चेहरा.

जागा होती तोरणमाळ आणि त्याच्या आजूबाजूचे पाडे. काम एका खासगी संस्थेचं होतं आणि मी त्यांची कंत्राटी सर्वेक्षक. रोजावर पैसे, वर पेट्रोल.

तोरणमाळ तुम्ही कदाचित रीलमध्ये पाहिलं असेल. शहाद्याहून निघालं की म्हसावद मागे पडतं आणि मग सातपुड्याचा घाट सुरू होतो. वर पोचलं की यशवंत तलाव, कमळांचा तलाव, सीताखाईची दरी, गोरखनाथाचं मंदिर. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. मराठी वर्तमानपत्रं त्याला 'महाराष्ट्रातलं दुसऱ्या क्रमांकाचं थंड हवेचं ठिकाण' म्हणतात. ते आहे अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यात. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेत या जिल्ह्यातले जवळपास ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते आणि अक्राणी तालुक्यात तर दहातले नऊपेक्षा जास्त. पावरा आणि भिल्ल ही इथली मुख्य माणसं. घरात पावरी किंवा भिलोरी बोलतात. मराठी शाळेत भेटते, बाजारात भेटते आणि सरकारी कागदावर भेटते.

माझ्याबरोबर दुभाषी म्हणून एक मुलगी होती. जवळच्याच पाड्यावरची, बारावी झालेली. मला 'ताई' म्हणायची आणि चालताना माझ्यासाठी सारखी थांबायची. या लेखातलं जे काही मला कळलं, त्यातलं निम्मं तिच्यामुळे कळलं.

* * *

पहिल्याच दिवशी ती अडली. 'समाधानी'ला पावरीत काय म्हणायचं?

तिनं दोन-तीन तऱ्हा करून पाहिल्या. एकीत प्रश्न 'तुला बरं वाटतं का' असा झाला. म्हातारीनं गुडघा पुढे केला आणि दुखणं सांगितलं. दुसरीत तो 'तुला आवडतं का' असा झाला. उत्तर आलं, 'भात कुणाला आवडत नाही?' तिसरीत 'पोट भरलं का' असा झाला. बाईनं आमच्याकडे बघितलं आणि पोरीला सांगितलं, यांना भाकरी दे.

हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण अडचण फक्त पावरीची नव्हती. मराठीतही हा शब्द तसा सरळ नाही. 'समाधान' हा आपल्याकडे एक गुण आहे. संतांनी तो गौरवला, आज्यांनी तो शिकवला. 'समाधानी माणूस' म्हणजे चांगला माणूस, कमी असलं तरी कुरकुर न करणारा. 'आहे त्यात समाधान मानावं' हे वाक्य आपण सगळ्यांनी घरात ऐकलंय. त्यामुळे 'तुम्ही समाधानी आहात का?' असं विचारलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हे माझ्याबद्दल विचारतायत. आणि कुठली शहाणी बाई परक्या माणसासमोर सांगेल की मी असमाधानी आहे, म्हणजे हावरट आहे?

इंग्रजीतून आलेल्या या प्रश्नाला सेवेचं मोजमाप घ्यायचं असतं. मराठीत आला की तो माणसाच्या स्वभावाचं मोजमाप घ्यायला लागतो. रेशन दुकानाची परीक्षा घ्यायला निघालो आणि परीक्षेला बसली ती आजी.

* * *

आणि आजी पास झाली. सगळ्याच पास झाल्या. संध्याकाळी टॅबमधला आलेख बघायचा असे. तो हिरवागार. हसरा चेहरा, हसरा चेहरा, मध्ये कुठे तरी एखादा सरळ ओठांचा.

आता शेजारचं दुसरं दृश्य बघा. तोरणमाळला येणारे पर्यटक मॅपवर रेटिंग देतात. ती मी तिथल्याच एका टेकाडावर, जिथे रेंज येते तिथे बसून वाचली होती. कुणाला रस्ता वाईट म्हणून दोन स्टार, कुणाला चहा उशिरा मिळाला म्हणून एक, कुणाला नेटवर्क नाही म्हणून राग. तोच रस्ता आणि तेच नेटवर्क. एक रात्र राहणारा माणूस दोन स्टार देतो आणि जन्मभर राहणारा हसरा चेहरा देतो. मग तोरणमाळ पर्यटकांसाठी वाईट आणि पावरा माणसासाठी उत्तम आहे, असं म्हणायचं का?

अमर्त्य सेन यांनी २००२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात यासारखाच एक मुद्दा मांडला होता. भारतात आयुर्मान आणि साक्षरता यांत केरळ सगळ्यात पुढे. तरी 'तुम्ही आजारी आहात का?' असं विचारलं की आजार सांगण्यात केरळचे लोक सगळ्यात पुढे. बिहारमध्ये आयुर्मान कमी, पण आजार सांगणारेही कमी. नुसतं लोकांच्या सांगण्यावर गेलं तर बिहार निरोगी आणि केरळ आजारी ठरेल. कारण साधं आहे. ज्यानं डॉक्टर पाहिलाय, ज्याला शाळेत शरीराबद्दल शिकवलंय, त्याला आपलं दुखणं दुखणं म्हणून ओळखता येतं. ज्यानं ते पाहिलंच नाही त्याच्यासाठी ती रोजची कणकण.

समाधानाचंही असंच. ते मिळालेल्या गोष्टीवर अवलंबून असतं, त्याहून जास्त ते अपेक्षेवर अवलंबून असतं. एका घरात आजोबांनी अंगणवाडीच्या आहाराला सगळ्यात मोठा हसरा चेहरा दिला. का, असं विचारलं तर म्हणाले, 'आमच्या लहानपणी काहीच नव्हतं. आता खोली तरी आहे.' ते खरंच बोलत होते आणि त्यांची तुलना चुकीची नव्हती. पण ते आजच्या आहाराला गुण देत नव्हते, पन्नास वर्षांपूर्वीच्या उपासाला देत होते.

* * *

सगळेच काही अपेक्षा कमी म्हणून 'समाधानी' म्हणत नाहीत. काही जण पूर्ण विचार करून म्हणतात.

पहिलं कारण पाहुणचार. दोन मुली थंडीत डोंगर चढून दारात आल्या. खाट टाकली, पाणी दिलं. आता त्यांना तोंडावर वाईट कसं सांगायचं? एका बाईनं तर दुभाषीला विचारलं, 'कुठला चेहरा दाखवला तर तुमचं काम लवकर होईल?'

दुसरं कारण भीती. ही भीती बावळट नाही. टॅबमध्ये आम्ही पहिल्यांदा नाव घालायचो, मग रेशन कार्डाचा नंबर, मग घराचं लोकेशन. त्यानंतर विचारायचं की बिनधास्त सांगा, उत्तर गुप्त राहील. ज्यांची नावं यादीत नसतात आणि का नसतात ते कुणी सांगत नाही, त्यांच्यासाठी टॅब घेऊन आलेली कुणीही बाई सरकारच असते. आज यादीत नाव आहे. उद्या तोंड वाकडं केल्यामुळे गेलं तर?

ही भीती कुठून येते ते या जिल्ह्यात राहिल्यावर कळतं. देशातलं पहिलं आधार कार्ड याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. त्यानंतर रेशन, पेन्शन, बँक, शिष्यवृत्ती, सगळं एकेक करून त्या नंबराला जोडलं गेलं. शेतात आणि ऊसतोडीत झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही, तेव्हा लोक म्हणतात 'थम लागत नाही'. थम लागला नाही तर नेमकं कोण चुकलं? मशीन, नेटवर्क, नोंद की आपला अंगठा? बहुतेक जण मानून चालतात की आपला अंगठाच.

तिसरं कारण शेजारी बसलेलं असतं. आम्ही आहाराबद्दल विचारत असू तेव्हा बहुतेक वेळा अंगणवाडी सेविका तिथेच असे. घरं दाखवायला तीच यायची. ती त्याच पाड्याची, कुणाची वहिनी, कुणाची मावशी. तिच्यासमोर रडवेल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं म्हणजे तिच्यावर बोट ठेवायचं.

इथे जरा थांबा. जेवण मागवल्यावर ॲप तुम्हाला स्टार द्यायला सांगतं. भाजी थंड होती, कारण हॉटेलनं उशीर केला. पण स्टार कापले जातात ते बाईकवरच्या पोराचे. सरकारी योजनेतही तेच होतं. पैसे वरून उशिरा सुटतात, किराणा दुकानदार उधारीला कंटाळतो, जेवणातली अंडी बंद होतात. आणि असमाधान नोंदवलं जातं ते साखळीतल्या शेवटच्या बाईच्या नावावर, जिला पगार नाही तर मानधन मिळतं. पाड्यावरच्या बायकांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून त्या तिला वाचवतात. त्यांचं 'खूप समाधानी' ही कित्येकदा आपल्याच माणसाला घातलेली पाठराखण असते.

* * *

मग एका दुपारी दुभाषीनं प्रश्न बदलला.

पाड्याचं नाव लिहीत नाही. एक बाळंतीण होती, मांडीवर दोन महिन्यांचं बाळ. आम्ही अमृत आहाराबद्दल विचारत होतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना महाराष्ट्रानं आदिवासी भागात २०१५ साली सुरू केली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक वेळ गरम, चौरस जेवण. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं किंवा केळं, शेंगदाण्याचा लाडू. महिन्यातले २५ दिवस. पुढे लहान मुलांनाही त्यात घेतलं, सात महिने ते सहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी. कागदावर ही योजना खरोखर चांगली आहे. कुपोषण म्हटलं की बातम्यांत धडगाव आणि अक्कलकुवा ही नावं दरवर्षी येतात. त्या भागात बाईच्या ताटात रोज एक अंडं पडणं ही लहान गोष्ट नाही.

बाळंतिणीनं कार्डावरचा हसरा चेहरा दाखवला. मी टॅबवर टेकवणार, तेवढ्यात दुभाषी तिला पावरीत काही तरी बोलली. बाई उत्तरली. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. बाईचा आवाज बदलला, ती बोटं मोजायला लागली.

'काय विचारलंस?'

'काल काय जेवलीस ते विचारलं, ताई. मग परवा. मग मागच्या बाजाराच्या दिवसापासून किती दिवस अंगणवाडीत जेवलीस ते.'

मोजल्यावर निघाले नऊ दिवस. अंडं त्यातले तीन दिवस. बाकीचे दिवस सेविकेनं स्वतः उधारीवर तांदूळ-डाळ आणून खिचडी रांधली होती आणि किराणावाल्यानं आता हात वर केले होते. हे सगळं ती बाई तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती. पाऊस कधी पडला ते सांगावं तसं सांगत होती. आणि तरीही तिच्या नावासमोर हसरा चेहराच होता. तो तिनं बदलला नाही. सेविकेनं उधार आणून खाऊ घातलं, तर असमाधानी कशाला व्हायचं?

मला वाटतं, या एका उत्तरात सगळं आहे. बाई खरी, हसरा चेहरा खरा, नऊ दिवसही खरे. फक्त पंचवीस दिवसांच्या योजनेचं मोजमाप चेहऱ्यातून होत नाही, नवातून होतं.

त्या दिवसापासून आम्ही दोघी फॉर्म जसाच्या तसा भरायचो आणि मग 'इतर शेरा' या रकान्यात मोजलेल्या गोष्टी लिहायचो. गेल्या महिन्यात रेशनला किती खेपा झाल्या? अंत्योदय कार्ड असेल तर ३५ किलो ठरलेलं आहे, किती मिळालं? पावती मिळाली का? दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर होते का? जायला काय लागलं, गाडी की झोळी? 'किती समाधानी' याला एका शब्दाचं उत्तर देणारी माणसं याला अर्धा अर्धा तास उत्तरं द्यायची. कुणी घाबरलं नाही, कुणी लाजलं नाही. मत सांगायला हिंमत लागते, कालचं जेवण सांगायला लागत नाही.

* * *

आणखी एक गोष्ट होती, जी फॉर्ममध्ये कुठेच बसत नव्हती. कुलुपं.

दिवाळी झाली की या डोंगरातली कुटुंबं ऊसतोडीला आणि इतर कामांना उतरतात. काही गुजरातेत, काही पश्चिम महाराष्ट्रात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. होळीला परततात. इथे होळी दिवाळीपेक्षा मोठी. होळीआधी भोंगऱ्या बाजार भरतात आणि रिकामे पाडे पुन्हा माणसांनी भरतात. आमचा सर्व्हे होता डिसेंबरात. यादीतल्या घराला कुलूप दिसलं की नियम असा, की शेजारचं घर घ्या.

सोपा नियम, पण परिणाम बघा. जो घरी आहे त्याला रेशन मिळतंय, अंगणवाडी मिळतेय. जो गेलाय त्याचं मूल उसाच्या फडात आहे, बायको गरोदर असली तर ती इथल्या अमृत आहारातून बाहेर आणि तिथल्या यादीत नाही. ज्याला योजनेची गरज सगळ्यात जास्त, तोच कुलपाआड. त्याच्या जागी आम्ही शेजाऱ्याचा हसरा चेहरा घेतला की सरासरी आपोआप वाढते.

फोनवरच्या फीडबॅकचंही हेच. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं 'मेरा अस्पताल' सुरू केलं. सरकारी दवाखान्यात जाऊन आलेल्याला मेसेज किंवा फोन येतो, तुम्ही कसं वाटलं ते सांगता. कल्पना चांगली आहे, आणि पुण्या-नाशिकच्या मोठ्या रुग्णालयांसाठी उपयोगीही पडत असेल. पण सातपुड्यात केसपेपरवर लिहिलेला नंबर बरेचदा पुतण्याचा असतो. पुतण्या कामावर गेलेला. फोन लागला तरी समोरून हिंदीत किंवा मराठीत 'एक दाबा' येतं, आणि तो काय, एक दाबून टाकतो. आणि जी माणसं झोळीतून अर्ध्या वाटेवरनं परत आली, दवाखान्यापर्यंत पोचलीच नाहीत, ती 'वापरकर्ते' ठरतच नाहीत. त्यांना विचारणार कोण?

'लाभार्थी' हा शब्दही एकदा नीट बघण्यासारखा आहे. लाभाची इच्छा करणारा. इच्छा करणाऱ्याला जे मिळेल ते बरंच. पण राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा आहे आणि त्यात धान्य हे उपकार नाहीत, हक्क आहे. प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी, राज्याला अन्न आयोग आणि दुकानांचं सामाजिक अंकेक्षण, या गोष्टी त्या कायद्यातच लिहिलेल्या आहेत. हक्कदाराला 'समाधानी आहात का' विचारायचं नसतं. त्याला विचारायचं असतं, 'पूर्ण मिळालं का?' बँकेतून पाच हजार काढायला गेलात आणि कॅशियरनं चार हजार देऊन विचारलं की सेवा कशी वाटली, तर तुम्ही कुठला चेहरा निवडाल?

* * *

मग काय, लोकांना विचारूच नये? नाही. विचारायलाच हवं. न विचारणारं सरकार याहून वाईट. प्रश्न एवढाच की काय विचारायचं, कुणी विचारायचं आणि उत्तर कुणासमोर ठेवायचं.

आणि याची उत्तरं शोधायला लांब जावं लागत नाही. २००७ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रात 'लोकाधारित देखरेख' नावाचं काम सुरू झालं. राज्यातल्या समन्वयाची जबाबदारी पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होती. पहिल्या टप्प्यात पाच जिल्हे होते: पुणे, ठाणे, अमरावती, उस्मानाबाद आणि आमचं नंदुरबार. त्यात गावकरी आणि कार्यकर्ते मिळून गावाच्या आरोग्यसेवांचं प्रगतिपत्रक भरत. नर्स गावात येते का, लसीकरण होतं का, दवाखान्यात औषध मिळतं का की चिठ्ठी मिळते, पैसे मागतात का. जिथे काम चांगलं तिथे हिरवा रंग, मध्यम तिथे पिवळा, वाईट तिथे लाल. आणि मग जनसुनावणी. अधिकारी समोर बसलेले, लोक समोर उभे, पत्रक भिंतीवर.

यातली मेख रंगांत नाही. मेख अशी की उत्तर एकट्या बाईचं नसून गावाचं होतं, त्यामुळे कुणा एकीवर बोट ठेवता येत नव्हतं. आणि ते टॅबमधून कुठे तरी वर जात नव्हतं, तिथल्या तिथे वाचलं जात होतं.

बंगळुरूत १९९४ साली सॅम्युएल पॉल यांनी शहराच्या सेवांचं 'नागरिकांचं प्रगतिपत्रक' काढलं होतं. पाणी, वीज, महानगरपालिका यांना नागरिकांनी गुण दिले आणि ते वर्तमानपत्रांत छापून आले. त्याच वर्षी राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं गावात मस्टर मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. मजुरांची नावं, दिवस, दिलेले पैसे. ऐकणारे म्हणाले, हा तर मेलाय, हा कधी आलाच नाही. त्या जनसुनावण्यांतून पुढे माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. कुणीही कुणाला 'किती समाधानी' विचारलं नव्हतं. फक्त नोंद वाचून दाखवली होती.

आणि तोरणमाळसारख्या पाचव्या अनुसूचीतल्या गावांकडे तर याहून मोठी गोष्ट आहे. १९९६चा पेसा कायदा म्हणतो की योजनांचे लाभधारक ग्रामसभेनं ठरवायचे, आणि पंचायतीनं खर्च केलेल्या पैशाचं प्रमाणपत्र ग्रामसभेकडून घ्यायचं. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली आले, त्यात पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा करता येते. म्हणजे कायद्यानं 'समाधान झालं' असं लिहून देण्याचा अधिकार पाड्याला आधीच दिलेला आहे. लॅमिनेट केलेल्या कार्डावर नाही, ठरावाच्या वहीत.

२०१८च्या जानेवारीत नंदुरबार 'आकांक्षित जिल्हा' झाला. अशा ११२ जिल्ह्यांची ४९ निर्देशकांवर दर महिन्याला क्रमवारी लागते. आकडे वाईट नसतात. मी स्वतः आकड्यांवरच पोट भरते. पण क्रमवारी वर जायची असेल तर मोजणाऱ्याला हिरवा रंग आवडायला लागतो, आणि हिरवा रंग आवडणाऱ्याला 'किती समाधानी' हा प्रश्न फार सोयीचा आहे. त्यात कधीच वाईट बातमी येत नाही.

* * *

आमचा अहवाल गेला. आलेख हिरवे होते. 'इतर शेरा' हा रकाना डेटाच्या फाइलमध्ये आहे, अहवालात नाही. मी तो वेगळा काढून, नावं गाळून, चार पानांची एक टिपणी केली आणि संस्थेला दिली. त्यांनी ठेवून घेतली.

दुभाषीनं मात्र तिच्या प्रतीचं दुसरंच केलं. तिनं ती पाड्यावरच्या बायकांना वाचून दाखवली. एका संध्याकाळी शेकोटीजवळ, पावरीत. बायकांना त्यात नवं काहीच नव्हतं, सगळं त्यांनीच सांगितलेलं. फक्त एक आकडा नवा होता.

मार्चमध्ये मी पुन्हा वर गेले. होळी होऊन गेलेली, रस्त्याच्या कडेला मोहाची फुलं वाळत घातलेली, कुलपं निघालेली. माझ्याकडे टॅब नव्हता. बाळंतिणीच्या घरी गेले तर बाळ पालथं पडायला लागलं होतं. मी बसले, पाणी प्याले. सेविकाही आली. आहाराचे पैसे मध्यंतरी आले होते आणि किराणावाल्याची उधारी फिटली होती, असं ती म्हणाली. ते आमच्यामुळे आले असं मी म्हणणार नाही; ते तसेही येत-जात असतात.

मग बाळंतिणीनं दुभाषीकडे न बघता, तिच्या बाजारातल्या मराठीत, मलाच विचारलं.

'ताई, ते पंचवीस दिवस म्हणतात, ते रविवार सोडून की धरून?'

सेविका हसली आणि म्हणाली, 'सोडून.' बाईनं मान हलवली. भिंतीवर कोळशानं रेघा ओढलेल्या होत्या. तिनं त्या मोजल्या. मार्चच्या त्या दिवसापर्यंत चौदा झाल्या होत्या.